क्लॉड शॅनन: सर्किट तपासणारं सर्किट बनवणारा माणूस

ब्रेडबोर्डवर चार आयसी बसवल्या, वीस-पंचवीस जंपर वायर टोचल्या, पाच व्होल्ट दिले आणि एलईडी पेटला. झालं का सर्किट तयार? एलईडी पेटला याचा अर्थ एवढाच, की त्या क्षणी स्विच ज्या स्थितीत होते त्या स्थितीत आउटपुट १ आला. बाकीच्या पंधरा स्थितींचं काय? चार इनपुट असले की एकूण सोळा स्थिती होतात आणि त्या सगळ्या बघितल्याशिवाय सर्किट बरोबर आहे असं छातीठोकपणे कुणीच म्हणू शकत नाही. त्यातून दुसरा प्रश्न येतो. सर्किट बरोबर असलं तरी त्यात एखादा भाग फुकटचा बसलाय का? तो काढला तरी काम तसंच चालेल का?

हे दोन्ही प्रश्न एका यंत्रालाच विचारायचे, असं १९५० च्या सुमारास एका माणसाच्या डोक्यात आलं. त्याने सहकाऱ्याबरोबर तसं यंत्र बनवलंही. क्लॉड शॅनन हे नाव तुम्ही ऐकलं असेल तर बहुतेक 'बिट' या शब्दासोबत किंवा इन्फर्मेशन थिअरीसोबत ऐकलं असेल. त्या थिअरीवर इंटरनेटवर भरपूर लिहिलेलं आहे. त्याच्या सर्किट तपासणाऱ्या यंत्राबद्दल मात्र क्वचितच कुणी बोलतं. मला स्वतःला हा माणूस कळला तो याच बाजूने, म्हणून इथे थिअरी कमी आणि खटपट जास्त आहे.

कुंपणावरून तार

शॅननचा जन्म ३० एप्रिल १९१६ चा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला. वाढला गेलॉर्ड नावाच्या छोट्या गावात. वडील व्यापारी आणि स्थानिक न्यायाधीश, आई भाषा शिकवायची आणि काही काळ तिथल्या हायस्कूलची मुख्याध्यापिकाही होती. मोठी बहीण कॅथरीन गणितात हुशार. ती त्याला कोडी घालायची.

गेलॉर्डच्या आजूबाजूला शेतं आणि शेतांना काटेरी तारेची कुंपणं. या पोराने त्याच कुंपणाची तार वापरून साधारण अर्ध्या मैलावर राहणाऱ्या मित्राच्या घरापर्यंत टेलिग्राफ चालू केला. वेगळी तार विकत घ्यायची गरजच पडली नाही, कारण ती आधीच लांबच लांब ताणलेली होती. गावातल्या दुकानासाठी रेडिओ दुरुस्त करणं, टेलिग्राफ कंपनीचे निरोप पोचवणं अशी कामंही तो करायचा. एडिसन हा त्याचा हिरो. दोघांचं लांबचं नातं निघतं हे त्याला बरंच नंतर समजलं.

१९३६ मध्ये मिशिगन विद्यापीठातून तो दोन पदव्या घेऊन बाहेर पडला: एक इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगची, दुसरी गणिताची. हे दोन विषय एकत्र घेणारा तो काही एकटा नव्हता. पण पुढे जे झालं ते या जोडीमुळेच झालं, कारण गणिताच्या बाजूने त्याला जॉर्ज बूलचं बीजगणित भेटलं होतं. बूल एकोणिसाव्या शतकातला इंग्रज गणिती. विधान खरं असेल तर १, खोटं असेल तर ०, आणि 'आणि', 'किंवा', 'नाही' या तीन क्रियांवर सगळं तर्कशास्त्र बसवायचं, असा त्याचा उद्योग. ऑगस्टस डी मॉर्गन त्याच काळातला. त्याचा नियम डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्याच युनिटमध्ये आपल्याला पाठ करावा लागतो. हा डी मॉर्गन जन्मला आपल्याकडे, मदुराईत. शॅननच्या विद्यार्थिदशेत हे सगळं तत्त्वज्ञान आणि गणिताच्या वर्गातलं सामान होतं. वायरिंग करणाऱ्या माणसाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

शंभर रिले आणि एक प्रबंध

पदवीनंतर काय करावं या विचारात असताना नोटीस बोर्डावर त्याला एक कार्ड दिसलं. एमआयटीत व्हॅनेवर बुश यांच्या डिफरन्शियल अ‍ॅनलायझरवर काम करायला माणूस हवा होता. शॅनन गेला. ते यंत्र म्हणजे खोलीभर पसरलेले दांडे, चाकं, गिअर आणि मोटारी. त्यातून गणिताची समीकरणं सुटायची. यंत्राचा मुख्य भाग यांत्रिक होता, पण त्याला नियंत्रित करणारं सर्किट रिलेंचं होतं, शंभराच्या आसपास रिले असलेलं.

रिले तुम्ही पाहिला नसेल तरी ऐकलेला नक्की आहे. घरातल्या फ्रीजच्या स्टॅबिलायझरमधून मधूनच 'खट्' असा आवाज येतो ना, तो रिले. आत एक कॉइल असते. तिच्यातून करंट गेला की ती लोहचुंबक होते, लोखंडी पट्टी ओढते आणि एक कॉन्टॅक्ट जुळतो किंवा तुटतो. म्हणजे विजेने चालणारा स्विच. त्या काळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असे हजारो रिले असायचे आणि त्यांची सर्किटं अनुभवी लोक अंदाजाने, सवयीने, कागदावर रेघोट्या मारून बनवायचे. चाललं तर चाललं.

शॅननने त्या रिलेंकडे बघितलं आणि त्याला बूल आठवला. कॉन्टॅक्ट एकतर जुळलेला असतो किंवा तुटलेला, मधलं काही नाही. दोन कॉन्टॅक्ट एकामागोमाग लावले तर दोन्ही जुळल्यावरच करंट जातो, हे 'आणि'. दोन शेजारीशेजारी लावले तर कुठलाही एक जुळला तरी चालतो, हे 'किंवा'. मग सर्किटची आकृती हे एक समीकरण झालं, आणि समीकरण म्हटलं की ते सोपं करता येतं. समजा क जुळलेला असून ख जुळलेला हवा, किंवा क जुळलेला असून ग जुळलेला हवा. तसंच्या तसं वायरिंग केलं तर चार कॉन्टॅक्ट लागतात. क सामाईक काढला की तीनच पुरतात. शाळेत कंसाबाहेर काढायचो तेच. हजारो रिलेंच्या एक्स्चेंजमध्ये प्रत्येक वाचलेला कॉन्टॅक्ट म्हणजे वाचलेला पैसा आणि कमी झालेली एक बिघाडाची जागा.

१९३७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने हे मास्टर्सच्या प्रबंधात मांडलं आणि १९३८ मध्ये ते छापून आलं. प्रबंधात नुसते नियम नाहीत. विजेवर चालणारं कॉम्बिनेशन कुलूप आहे, बायनरी बेरीज करणारं सर्किट आहे, संख्यांचे अवयव शोधणाऱ्या यंत्राची योजना आहे. एक गंमत: त्याने ० म्हणजे जुळलेला आणि १ म्हणजे तुटलेला मार्ग धरलाय, म्हणजे आपल्या पुस्तकांच्या बरोबर उलटं. त्याच्या हिशोबात करंटला होणारा अडथळा मोजलेला आहे. त्यामुळे मूळ प्रबंध उघडला तर पहिली पाच मिनिटं डोकं गरगरतं.

याच सुमारास जपानमध्ये अकिरा नाकाशिमा आणि रशियात व्हिक्टर शेस्ताकोव्ह हेही स्वतंत्रपणे अशाच वाटेने चालले होते, हे सांगायला हवं. कल्पनेची वेळ आली होती. पण इंजिनियरांच्या हातात ती पोचली ती मुख्यतः शॅननच्या लेखातून. त्यासाठी त्याला अल्फ्रेड नोबल पुरस्कार मिळाला. नोबेल नाही हं, नोबल! हा अमेरिकन इंजिनियरांच्या संस्थांचा पुरस्कार आहे आणि नावामुळे अनेक जण फसतात.

मधली दहा वर्षं

यानंतरचा काळ मी भराभर सांगतो, कारण त्याबद्दल वाचायला खूप मिळेल. १९४० मध्ये गणितात डॉक्टरेट (विषय चक्क आनुवंशिकतेचं बीजगणित). १९४१ मध्ये बेल लॅब्समध्ये नोकरी. युद्धकाळात तोफांचा नेम धरणाऱ्या यंत्रणा आणि सांकेतिक संदेश यांवर काम. १९४३ च्या सुरुवातीला अ‍ॅलन ट्युरिंग काही आठवडे तिथे आला होता. दोघं कॅन्टीनमध्ये चहाला भेटायचे. दोघांचंही खरं काम गुप्त असल्याने ते विचार करणाऱ्या यंत्रांवर गप्पा मारायचे. १९४८ मध्ये दोन भागांत आलेला संदेशवहनाचा गणिती सिद्धांत, ज्यामुळे तो जगप्रसिद्ध झाला. 'बिट' हा शब्द छापील स्वरूपात तिथे आला, पण तो सुचवल्याचं श्रेय त्याने जॉन ट्युकीला दिलं. १९४९ मध्ये त्याचं दुसरं लग्न झालं, बेल लॅब्समध्येच आकडेमोडीचं काम करणाऱ्या बेट्टी मूरशी. पहिलं लग्न फार टिकलं नव्हतं.

१९४९ मध्येच त्याने सर्किटांबद्दल आणखी एक लेख लिहिला. चार इनपुटांसाठी वेगवेगळी ट्रुथ टेबल किती होऊ शकतात? सोळा ओळी, प्रत्येकीत ० किंवा १, म्हणजे २ चा १६ वा घात: ६५,५३६. पाच इनपुट घेतले की हाच आकडा ४२९ कोटींच्या वर जातो. शॅननने दाखवलं, की इनपुट वाढत गेले की यातल्या बहुतेक सगळ्या टेबलांना प्रचंड मोठं सर्किट लागतंच. कितीही हुशारी करा, ते एका मर्यादेखाली लहान होत नाही. आपण रोज वापरतो ती बेरजेची, तुलनेची सर्किटं छोटी निघतात, कारण त्या कामांमध्ये एक शिस्त दडलेली असते. म्हणजे बूलचं बीजगणित हातात असूनही, अमुक कामासाठी सगळ्यात छोटं सर्किट कोणतं, हा प्रश्न अवघडच राहिला. कागदावर सोपं करत बसलं तरी आपण तळ गाठला की नाही हे कळत नाही.

उंदीर

१९५० च्या सुमारास शॅननने थीसियस नावाचा उंदीर बनवला. पाच बाय पाच, म्हणजे २५ घरांचा चक्रव्यूह, हलवता येणाऱ्या धातूच्या भिंती, आणि त्यात तांब्याच्या मिशा असलेला लाकडी उंदीर. उंदीर धडपडत, भिंतींना आपटत शेवटी टोकाला ठेवलेल्या वस्तूपर्यंत पोचायचा. दुसऱ्यांदा सोडला की सरळ जायचा. रस्ता त्याला 'आठवायचा'. भिंती बदलल्या की नवा रस्ता शिकायचा. उंदराच्या पोटात अर्थात काहीच नव्हतं, फक्त एक लोहचुंबक. खरं डोकं फरशीखाली होतं: साधारण ७५ रिले आणि उंदराला खालून ओढणारा मोटारीवरचा दुसरा चुंबक. त्याच्या बांधणीत बेट्टीचाही हात होता.

या उंदराचे फोटो खूप फिरले. पण रिलेंची अशी गुंतागुंत स्वतः वायरिंग करून चालवणाऱ्या माणसाला, हे सगळं तपासायचं कसं, हा प्रश्न पडणारच.

तपासणारा डबा

बेल लॅब्समध्ये एडवर्ड मूर नावाचा तरुण गणिती होता. इथे जरा थांबू, कारण मूर फार झालेत. प्रोसेसरमधल्या ट्रान्झिस्टरांबद्दल नियम सांगणारा तो गॉर्डन मूर, वेगळा. बेट्टीचं माहेरचं नाव मूर, तेही वेगळं. हा एडवर्ड मूर म्हणजे अभ्यासक्रमातल्या 'मूर मशीन'मधला मूर. मीली आणि मूर यांच्यातला फरक परीक्षेत हमखास विचारतात, तोच हा.

शॅनन आणि या मूरने मिळून रिले सर्किट अ‍ॅनलायझर बनवला आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. रिले, सिलेक्टर स्विच, गॅस डायोड आणि जर्मेनियम डायोड, एवढ्या सामानाचं यंत्र. जास्तीत जास्त चार रिलेंच्या कॉन्टॅक्टपासून बनलेलं, दोन टोकांमधलं सर्किट ते तपासू शकायचं. चार रिले म्हणजे सोळा स्थिती.

यंत्राला दोन गोष्टी द्यायच्या. पहिली, तुम्हाला काय हवंय. त्यासाठी पुढच्या पॅनलवर सोळा स्विच होते, प्रत्येक स्थितीला एक. आणि गंमत म्हणजे प्रत्येक स्विचला तीन जागा होत्या: इथे सर्किट जुळलेलं हवं, इथे तुटलेलं हवं, आणि इथे काहीही चालेल. ही तिसरी जागा म्हणजे आपला 'डोन्ट केअर', के-मॅपमधला तो फुलीचा रकाना. चार बिटांत ० ते ९ आकडे लिहिले तर सोळापैकी दहाच स्थिती वापरल्या जातात, उरलेल्या सहा कधी येणारच नाहीत. तिथे सर्किटने काय करावं याची आपल्याला फिकीर नाही, आणि हीच बेफिकिरी सर्किट लहान करायला कामी येते. दुसरी गोष्ट, तुम्ही बनवलेलं सर्किट. ते पॅनलच्या खालच्या भागात जोडायचं.

मग यंत्र चालू. पहिल्या टप्प्यात ते सोळाच्या सोळा स्थितींतून जाऊन सर्किट मागणीप्रमाणे वागतं का ते बघायचं. इथपर्यंत ठीक आहे, एवढं तर चिकाटीने हातानेही जमेल.

दुसरा टप्पा मला जास्त आवडतो. यंत्र एकेक कॉन्टॅक्ट घेऊन तो कायमचा जुळलेला आहे असं समजायचं आणि पुन्हा सगळ्या स्थिती तपासायचं. मग तोच कॉन्टॅक्ट कायमचा तुटलेला आहे असं समजून पुन्हा. यातल्या कुठल्याही वेळी सर्किट मागणी पुरी करत राहिलं, तर याचा अर्थ तो कॉन्टॅक्ट तिथे फुकट बसलाय. त्याच्या जागी साधी वायर टाका किंवा तो कापून टाका. दहा कॉन्टॅक्ट, प्रत्येकाचे दोन प्रयोग, प्रत्येक प्रयोगात सोळा स्थिती: ३२० तपासण्या. माणूस पन्नासाव्या तपासणीला कंटाळतो आणि एकशे दहाव्याला चुकतो.

आज चिपच्या कारखान्यात बाहेर पडणाऱ्या प्रोसेसरची तपासणी करताना याच जातीचा विचार असतो. आतली एखादी वायर ० वर अडकली किंवा १ वर अडकली असं गृहीत धरायचं, आणि असा बिघाड आउटपुटवर दिसून येईल असे इनपुट शोधायचे. आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. एखादा भाग अडकला तरी आउटपुटवर कधीच फरक पडत नसेल, तर तो बिघाड बाहेरून कुठल्याच टेस्टने सापडणार नाही. आणि तोच भाग शॅननच्या डब्याच्या भाषेत फुकटचा. जे काढून टाकता येतं आणि जे तपासता येत नाही, ते एकच. सॉफ्टवेअरवाल्यांनाही हे ओळखीचं वाटेल: कोडमधली एखादी अट उलटी केली तरी सगळ्या टेस्ट पास होत असतील, तर एकतर टेस्ट अपुऱ्या आहेत किंवा ती अट नकोच आहे.

तिसरं काम सगळ्यात अवघड. या मागणीसाठी किमान इतके आणि अशा प्रकारचे कॉन्टॅक्ट लागतीलच, त्याखाली जाणं शक्य नाही, अशी खालची मर्यादा यंत्र काढून द्यायचं, तीही गणिताने पक्की. तुमच्या सर्किटमध्ये तेवढेच कॉन्टॅक्ट असतील तर विषय संपला, आणखी डोकं खाजवायची गरज नाही.

मर्यादाही होत्या आणि दोघांनी त्या लपवल्या नाहीत. एक रिले वाढवला की यंत्राचा आकार साधारण दुप्पट आणि वेळ चौपट. शिवाय ज्या सर्किटला स्मृती आहे, म्हणजे आधी काय झालं यावर ज्याचं आउटपुट अवलंबून आहे, तिथे हे यंत्र चालत नाही. फ्लिप-फ्लॉप आला की सोळा स्थिती बघून भागत नाही, कोणत्या क्रमाने बघितल्या हेही महत्त्वाचं होतं. लेखात त्यांनी हेच काम साध्या, सर्वसाधारण कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहून करण्याशीही तुलना केली होती. पुढे तोच रस्ता जिंकला आणि सर्किट तपासणं हे सॉफ्टवेअरचं काम झालं. पण १९५३ मध्ये कॉम्प्युटर ही टेबलावरची वस्तू नव्हती.

तुम्हाला बनवायचा असेल तर

आज हाच डबा दोनेकशे रुपयांच्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर होतो. चार पिन आउटपुट म्हणून तुमच्या सर्किटच्या इनपुटला जोडा, एक पिन इनपुट म्हणून त्याच्या आउटपुटला. प्रोग्रॅममध्ये सोळा आकड्यांचा अ‍ॅरे ठेवा: ०, १, किंवा 'काहीही चालेल' साठी २. शून्य ते पंधरा लूप फिरवा, चार बिट पिनांवर टाका, थोडं थांबा, उत्तर वाचा, अ‍ॅरेशी ताडून बघा, चुकलेली ओळ फोनवर किंवा लॅपटॉपवर छापा. ते 'थोडं थांबा' गाळू नका. इनपुट बदलल्यावर सिग्नल गेटांतून पुढे सरकायला वेळ लागतो आणि त्या काळात आउटपुट क्षणभर भलतंच दाखवू शकतं. बोर्डचे पिन ३.३ व्होल्टचे असतील आणि सर्किट ५ व्होल्टवर असेल तर आउटपुट थेट पिनला जोडू नका, दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज कमी करा. बोर्ड न वापरता, फक्त आयसीवर करायचं असेल तर ७४९३ काउंटर सोळा स्थिती देतो, आणि ७४८६ मधलं एक एक्स-ऑर गेट हवं ते उत्तर आणि आलेलं उत्तर यांत फरक दिसला की एलईडी पेटवतं.

आणि एक धोक्याची सूचना. शॅननचा दुसरा टप्पा, म्हणजे 'हा भाग अडकला असं समजा', करून बघायचा असेल तर आयसीच्या आउटपुटला सप्लाय किंवा ग्राउंडला शॉर्ट करू नका, गेट जळू शकतं. रिलेचा कॉन्टॅक्ट हा फक्त रस्ता असतो, त्याच्यावर वायर टाकली तर काही बिघडत नाही. गेट स्वतः आउटपुट ढकलत असतं. तेव्हा पुढच्या गेटच्या इनपुटची वायर सोडवा आणि ते इनपुट ० ला किंवा १ ला बांधा. इनपुट मोकळं लोंबकळत ठेवणं म्हणजे ० नव्हे. जुन्या टीटीएल आयसीत ते बहुतेक वेळा १ सारखं वागतं, सीमॉसमध्ये तर काहीही होतं.

फालतू कॉन्टॅक्ट मुद्दाम

शॅनन आणि मूर तिथेच थांबले नाहीत. १९५६ मध्ये दोघांनी आणखी एक लेख लिहिला आणि त्यात आधीच्या यंत्राच्या बरोबर उलटं काम केलं. अ‍ॅनलायझर जास्तीचे कॉन्टॅक्ट शोधून काढत होता. इथे त्यांनी जास्तीचे कॉन्टॅक्ट मुद्दाम घातले.

प्रश्न असा: रिले भरवशाचे नाहीत. जुळायला हवा तेव्हा जुळत नाही, तुटायला हवा तेव्हा चिकटून बसतो. अशा भिकार रिलेंपासून भरवशाचं सर्किट बनेल का? समजा शंभरपैकी दहा वेळा कॉन्टॅक्ट दगा देतो. आता एका कॉन्टॅक्टच्या जागी चार लावा: दोन एकामागोमाग, आणि अशा दोन जोड्या शेजारीशेजारी. जुळायला हवं तेव्हा न जुळण्याची शक्यता १० टक्क्यांवरून ३.६१ टक्क्यांवर येते. तुटलेलं हवं तेव्हा चुकून जुळण्याची शक्यता १० वरून १.९९ टक्क्यांवर. गुणाकार करून बघा, अवघड नाही. आता या चौकडीलाच एक कॉन्टॅक्ट समजून अशा चार चौकड्या लावल्या तर आणखी खाली. कॉन्टॅक्ट वाढवत न्यायची तयारी असेल तर हवा तेवढा भरवसा मिळवता येतो, हे दोघांनी सिद्ध केलं. मात्र अशा सर्किटमधला एक कॉन्टॅक्ट मेला तरी बाहेरून कळत नाही, हा आधीचा मुद्दा इथे परत येतो. भरवसा वाढतो तसं तपासणं अवघड होतं.

तळघरातली कार्यशाळा

१९५६ मध्ये शॅनन एमआयटीत पाहुणा म्हणून गेला आणि १९५८ पासून तिथलाच प्राध्यापक झाला. बॉस्टनजवळच्या विंचेस्टरमध्ये घर घेतलं आणि त्यात भलीमोठी कार्यशाळा थाटली. रोमन आकड्यांत गणित करणारा कॅल्क्युलेटर, चेंडू झेलणारं यंत्र, आग ओकणारा ट्रम्पेट, एका चाकाच्या सायकली. बेल लॅब्सच्या दिवसांत त्याने एक पेटीही बनवली होती, कल्पना मार्विन मिन्स्कीची: तिचा स्विच चालू केला की झाकण उघडून एक हात बाहेर यायचा, स्विच बंद करायचा आणि परत आत जायचा. बस्स, एवढंच. लोकांना वाटायचं की एवढा मोठा माणूस वेळ वाया घालवतोय. आता त्याच्याकडून लेख येत नाहीत, खेळणीच येतात, ही तक्रार काही जणांची होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. साठच्या दशकानंतर त्याचं छापील काम खूप कमी झालं. मला त्यात वाईट वाटण्यासारखं फारसं दिसत नाही. ज्याच्या नावावर १९३७ आणि १९४८ आहेत त्याने पुढे चेंडू झेलले तर झेलू देत.

त्या तळघरातला सगळ्यात भारी प्रयोग १९६०-६१ चा. गणिती एडवर्ड थॉर्पबरोबर त्याने रूलेट चाकाचा अंदाज बांधणारा खिशात मावेल असा कॉम्प्युटर बनवला. बारा ट्रान्झिस्टर, आकार सिगारेटच्या पाकिटाएवढा. बुटात लपवलेले स्विच पायाच्या अंगठ्याने दाबून चेंडूचा वेग कळवायचा आणि उत्तर कानातल्या छोट्या स्पीकरमध्ये सुरांच्या रूपात ऐकायचं. अंगावर घालायचा हा पहिला कॉम्प्युटर मानला जातो, म्हणजे तुमच्या स्मार्टवॉचचा आजोबा. त्यासाठी त्यांनी १५०० डॉलर खर्चून खरं कॅसिनोचं चाक आणलं आणि तळघरात महिनोन्‌महिने मोजमाप करत बसले. घरी सगळं व्यवस्थित चाललं. १९६१ च्या उन्हाळ्यात दोघं बायकांसह लास व्हेगासला गेले आणि तिथे अंदाज बरोबर येत असतानाच कानापर्यंत जाणारी बारीक वायर पुन्हापुन्हा तुटायला लागली. लॉजिक बरोबर, ट्रान्झिस्टर बरोबर, वायर मात्र दगाबाज. ब्रेडबोर्डवर काम केलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको. अशी यंत्रं कॅसिनोत वापरण्यावर नेव्हाडा राज्याने १९८५ मध्ये कायद्याने बंदी घातली.

त्याच वर्षी, १९८५ मध्ये, शॅननला जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला. त्यानंतरच्या काळात अल्झायमरने त्याची स्मृती हळूहळू नेली. ऑक्टोबर २००० मध्ये गेलॉर्ड गावात त्याचा पुतळा उभा राहिला तेव्हा तिथे जाण्याच्या अवस्थेत तो नव्हता. २४ फेब्रुवारी २००१ रोजी तो गेला, वय ८४. तोवर जगभर मोबाइल आणि इंटरनेट पसरायला सुरुवात झाली होती, पण हे आपल्याच कामावर उभं आहे हे कळण्याच्या पलीकडे तो गेला होता.

थीसियस उंदीर एमआयटीच्या संग्रहालयात आहे. मूरबरोबरचा १९५३ चा लेख, १९५६ चा लेख आणि प्रबंधावरून १९३८ मध्ये छापून आलेला लेख हे १९९३ मध्ये निघालेल्या त्याच्या लेखसंग्रहात एकत्र सापडतात. यातला १९५३ चा आधी वाचा. त्याला ट्रुथ टेबलपलीकडे फारसं गणित लागत नाही.